दंडापुरते हेल्मेट आणि मागचे आसन

"दुचाकीस्वार जागीच ठार, मागे बसलेली महिला गंभीर जखमी." प्रादेशिक बातमीपत्रांतून जवळजवळ रोज ऐकू येणारे हे वाक्य आता इतके सरावाचे झाले आहे की, ते ऐकताना श्रोता क्षणभरही थांबत नाही. अपघात कोणत्या महामार्गावर झाला, धडक ट्रकची होती की एसटीची, मृत व्यक्ती कोणत्या गावची, हा सारा तपशील बातमीत असतो. मात्र त्या दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होते की नाही, ही माहिती बहुतेक वेळा नसते. वास्तविक अपघाताचा शेवट कसा झाला, हे समजून घेण्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची बाब असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. १८ ते ४५ या वयोगटातील मृतांचे प्रमाण ६६.५ टक्के होते. म्हणजे घराचा आधार असलेली किंवा होऊ घातलेली पिढीच या अपघातांना प्रामुख्याने बळी पडली. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, मृतांची संख्या आणखी वाढून १ लाख ७२ हजारांच्या पलीकडे गेली.

याच अहवालातील एक आकडा वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३५,६९२ चालक होते, तर १४,३३७ जण मागे बसलेले प्रवासी होते. दिवसाचा हिशेब केला तर रोज सुमारे १३७ मृत्यू आणि त्यांपैकी ३९ मागच्या आसनावरचे. हेल्मेटविषयीची आपली सारी चर्चा चालकाभोवती फिरत असताना, दर दहा मृतांपैकी जवळजवळ तीन जण ज्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही अशा मागच्या आसनावरचे असतात, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

हे सर्व जण केवळ हेल्मेट नसल्यामुळेच दगावले, असा या आकड्यांचा अर्थ काढता येणार नाही. काही अपघात इतके भीषण असतात की, त्यापुढे कोणतेही साधन अपुरे पडते. तरीही हेल्मेटमुळे किती फरक पडतो, याचा अभ्यास जगभर झालेला आहे. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये ६१ अभ्यासांच्या आधारे असा निष्कर्ष काढला की, अपघात झाल्यास हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे प्रमाण ढोबळमानाने आपल्या आकड्यांना लावले, तर २०२२ मधील त्या ५० हजारांपैकी सुमारे २१ हजार जण आज आपल्या घरी असते. हा अंदाजच आहे. पण तो निम्म्याने चुकला असे मानले, तरी दहा हजार कुटुंबांचा प्रश्न उरतोच.

हेल्मेटचे काम नेमके कसे चालते, हे अनेकदा नीट समजावून सांगितले जात नाही. कठीण कवटीला आणखी एक कठीण कवच, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात बाहेरचे कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवते आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. खरा बचाव होतो तो आतल्या थर्माकोलसारख्या दाट थरामुळे. डोके आदळते त्या क्षणी हा थर दाबला जाऊन चेपतो आणि डोके थांबण्यास किंचित अधिक अवधी मिळतो. हा अवधी सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच असतो. परंतु कवटीच्या आत तरंगणाऱ्या मेंदूच्या दृष्टीने जगणे आणि मरणे यांतील अंतर तेवढेच असते. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणूनच मोठ्या आघातानंतर हेल्मेट वरून धड दिसत असले, तरी ते बदलावे लागते.

"आम्ही गावातल्या गावातच फिरतो, वेग तो काय असणार," हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमांनी तो तपासून पाहता येतो. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीवर आपटते तेव्हा त्याचा वेग ताशी १९ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे जवळजवळ थांबलेल्या दुचाकीवरून तोल जाऊन पडणेही डोक्यासाठी निरुपद्रवी नसते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराचे डोके दुभाजकावर, खांबावर किंवा समोरच्या वाहनावर आदळले, तर तो आघात सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बसायला आपण धजावत नाही. मात्र भाजी आणायला निघताना तोच धोका आपल्याला जाणवत नाही.

हेल्मेटने मान दुखावते आणि अपघातात मणक्याला अधिक इजा होते, ही शंकाही जुनी आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० हजारांहून अधिक मोटरसायकल अपघातांची माहिती तपासून २०११ मध्ये असे दाखवून दिले की, हेल्मेट घातलेल्यांमध्ये मानेच्या मणक्याला इजा होण्याचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी होते. उकाडा, घाम, केसांची काळजी या तक्रारी मात्र खऱ्या आहेत. चैत्र-वैशाखात नागपूर किंवा जळगावच्या रस्त्यावर हेल्मेट घालून फिरणे सुखाचे नसते, हे मान्यच करावे लागेल. प्रश्न एवढाच की, ही गैरसोय ज्या धोक्याच्या बदल्यात पत्करायची, तो किती मोठा आहे.

या विषयाचा वैद्यकीय इतिहासही उद्बोधक आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने प्रसिद्ध असलेले ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स यांचा १९३५ च्या मे महिन्यात मोटरसायकल अपघातानंतर मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये मेंदू शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स हे होते. डोक्याच्या एका जखमेपुढे शल्यविद्या कशी हतबल ठरते, हे त्यांनी पाहिले आणि पुढे हाच विषय अभ्यासासाठी घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले प्रवासी रस्त्यावर मृत्युमुखी पडल्याचे त्यांनी १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नमूद केले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. सर्वसामान्य नागरिकांसाठी मात्र तेथेही हा नियम लागू व्हायला १९७३ साल उजाडावे लागले. पुरावा हाती असूनही समाजाने तो स्वीकारायला तीन दशके घेतली, असे यावरून दिसते. विरोध हा काही केवळ आपल्याकडचा विशेष नाही.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने सार्वजनिक ठिकाणी दुचाकी चालवणाऱ्या आणि तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला संरक्षक शिरस्त्राण बंधनकारक केले. म्हणजे मागे बसणारा प्रवासी सुरुवातीपासूनच या तरतुदीच्या कक्षेत होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अजय कानू विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, हेल्मेट सक्तीचे करणारा आंध्र प्रदेशचा नियम वैध ठरवला. संचारस्वातंत्र्यावर किंवा व्यक्तिस्वातंत्र्यावर या नियमाने गदा येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. घटनात्मक वादाचा निकाल त्याच वेळी लागला होता. वाद उरला तो रस्त्यावर.

कारण मूळ कलमात आणखी एक वाक्य होते. राज्य सरकारांना योग्य वाटतील ते अपवाद नियमांद्वारे करण्याची मुभा त्यात होती. या मुभेतून वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या सवलती निर्माण झाल्या. राजधानी दिल्लीत १९९९ मध्ये महिलांसाठी हेल्मेट ऐच्छिक करण्यात आले. शीख धर्मीयांच्या श्रद्धेशी हा प्रश्न निगडित होता आणि ती भावना समजण्यासारखी होती. तथापि, सवलत सर्वच महिलांना मिळाली आणि पंधरा वर्षे टिकली. ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्ली सरकारने शीख महिला वगळता इतर सर्व महिलांना हेल्मेट बंधनकारक केले. चंडीगडमध्ये असाच बदल २०१८ मध्ये झाला. पुढच्या आसनावर हेल्मेट घातलेला पती आणि मागे उघड्या डोक्याची पत्नी हे दृश्य आपल्याकडे खटकेनासे झाले आहे. त्यामागे अशा सवलतींचा आणि सैल अंमलबजावणीचा मोठा वाटा आहे.

दक्षिणेकडील राज्यांत चित्र थोडे वेगळ्या मार्गाने बदलले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तमिळनाडूत १ जुलै २०१५ पासून चालक आणि मागील प्रवासी अशा दोघांनाही हेल्मेट बंधनकारक करण्यात आले. कर्नाटकाने जानेवारी २०१६ मध्ये मागील प्रवाशासाठी तसाच नियम केला. यामागे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीचा सततचा पाठपुरावा होता. ही समिती ज्या याचिकेतून अस्तित्वात आली, ती कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजसेकरन यांनी दाखल केली होती. शस्त्रक्रियागृहात जे रोज पाहावे लागते, ते थांबवण्यासाठी एका डॉक्टरला न्यायालयाची पायरी चढावी लागली, हा तपशील पुरेसा बोलका आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास पुण्याच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे दुचाकींचे शहर झाले आणि हेल्मेटविरोधी आंदोलनांचेही. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी नियमाची कठोर अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा काही नागरिकांनी डोक्यावर पुणेरी पगडी घालून निषेध फेरी काढली. त्यापूर्वीही अशा मोहिमा झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी लोकप्रतिनिधींपासून सामाजिक कार्यकर्त्यांपर्यंत अनेकांनी त्यांना विरोध केला होता. आंदोलकांचे सर्वच मुद्दे निरर्थक होते, असे म्हणता येणार नाही. आधी खड्डे बुजवा, मग दंड करा, ही मागणी रास्तच आहे. मात्र खड्डे असलेल्या रस्त्यावर हेल्मेटची गरज वाढते, कमी होत नाही, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली.

डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारने शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याचे जाहीर केले. लोकांची नाराजी हे त्यामागचे मुख्य कारण होते. केंद्रीय कायद्यातील तरतूद राज्याला अशी शिथिल करता येते का, असा प्रश्न लगेच उपस्थित झाला आणि अखेर हा निर्णय मागे घ्यावा लागला. या दोन्ही घटनांत एक समान धागा आहे. हेल्मेटचा प्रश्न आला की, शासन आणि नागरिक दोघेही डोक्याऐवजी दंडाची चर्चा करू लागतात.

२०१९ च्या दुरुस्तीने कायदा बऱ्याच प्रमाणात निःसंदिग्ध केला. आता चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, मग ती पुढे बसलेली असो वा मागे, हेल्मेट आवश्यक आहे. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींचा अपवाद कायम आहे. पूर्वी पहिल्या गुन्ह्यासाठी जेमतेम १०० रुपये असलेला दंड कलम १९४-ड नुसार १,००० रुपये झाला आणि त्यासोबत तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता जोडली गेली. तडजोड शुल्काच्या अधिकारात काही राज्यांनी प्रत्यक्ष रक्कम कमी ठेवली. मुंबईत मागील प्रवाशांवरील कारवाई २०२२ च्या जूनपासून कडक करण्यात आली. कायदा १९८८ चा आणि मागच्या आसनावरची कारवाई २०२२ ची, हे चौतीस वर्षांचे अंतर आहे.

दंड वाढवून हेल्मेटचा वापर वाढतो, हे खरे आहे. पण केवळ दंडाच्या भीतीने घातलेले हेल्मेट कसे असते, हे कोणत्याही सिग्नलवर पाहायला मिळते. ते आरशाला किंवा कोपराला अडकवलेले असते आणि चौकात हवालदार दिसताच डोक्यावर चढते. हनुवटीखालचा पट्टा मोकळा लोंबत असतो. अपघाताच्या पहिल्याच धक्क्याला असे हेल्मेट डोक्यावरून निसटते आणि डोके रस्त्यावर आपटते तेव्हा ते दहा फूट लांब घरंगळत गेलेले असते. कायद्यानेही हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेले असणे अपेक्षिले आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट कायद्याच्या आणि विज्ञानाच्या, दोन्ही दृष्टींनी हेल्मेट नव्हेच.

दंडापुरत्या हेल्मेटची दुसरी खूण म्हणजे त्याचा दर्जा. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली, आत दाट थराऐवजी पातळ स्पंज असलेली टोपीवजा हेल्मेट अनेक वर्षे सर्रास विकली जात होती. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ४१५१ हे मानक दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेल्या हेल्मेटच्या निर्मितीवर व विक्रीवर बंदी आहे. तरीही बनावट चिन्ह लावलेला माल बाजारातून पूर्णपणे हटलेला नाही. असे हेल्मेट घालणारा माणूस पोलिसाला फसवतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो स्वतःलाच फसवत असतो आणि अनेकदा त्याला याची कल्पनाही नसते. म्हणून येथे ग्राहकाला दोष देऊन भागणार नाही. बाजारावर नजर ठेवण्याची जबाबदारी यंत्रणेचीच आहे.

आपल्यासारख्याच दुचाकींवर चालणाऱ्या व्हिएतनामचे उदाहरण या संदर्भात उपयुक्त आहे. तेथे १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर चालक आणि मागील प्रवासी दोघांनाही एकाच दिवशी हेल्मेट बंधनकारक झाले. त्याआधी निम्म्याहून कमी असलेला वापर अल्पावधीत ९० टक्क्यांच्या पुढे गेला. वीस रुग्णालयांतील पहिल्या तीन महिन्यांच्या आकडेवारीवरून, डोक्याला इजा होण्याचा धोका १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तेथील पोलिसांची कारवाई कडक होती. परंतु तिच्या आधी दीर्घकाळ जनजागृती झाली होती, सरकारी कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःपासून सुरुवात केली होती आणि मुख्य म्हणजे मागच्या आसनाला वेगळा न्याय लावण्यात आला नव्हता. त्या कायद्यातही एक उणीव राहिलीच. मोठी माणसे हेल्मेट घालू लागली आणि त्यांच्या पुढ्यात बसलेली मुले उघड्या डोक्याने फिरत राहिली. मुलांसाठी पुढे स्वतंत्र तरतूद करावी लागली.

मुलांचा प्रश्न आपल्याकडेही तितकाच गंभीर आहे. पुढे टाकीवर एक मूल, मध्ये दप्तरासह दुसरे आणि मागे आई, हे सकाळच्या शाळेच्या वेळेचे नित्याचे दृश्य आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत अधिसूचित केलेल्या आणि वर्षभराने अंमलात आलेल्या नियमानुसार, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकाला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आवश्यक आहे. अशा वेळी दुचाकीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असेही हा नियम सांगतो. मात्र या नियमाची माहिती किती पालकांना आहे आणि लहान मुलांच्या मापाची प्रमाणित हेल्मेट तालुक्याच्या बाजारपेठेत किती सहज मिळतात, हा प्रश्न विचारायला हवा. मोठ्या माणसाचे सैल हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवल्याने त्याचे रक्षण होत नाही.

डोक्याची चर्चा अजून पुरती संपलेली नसल्यामुळे उरलेल्या शरीराकडे आपले लक्षच गेलेले नाही. पडताना माणूस स्वाभाविकपणे हात पुढे करतो. डांबरी रस्त्यावर घसरताना साधा सुती शर्ट क्षणार्धात फाटतो आणि त्यानंतर घासली जाते ती त्वचा. चपला पहिल्याच झटक्यात पायातून निघून जातात. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अपघाताच्या वेळी मोटरसायकलसाठीचे खास जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता सुमारे एक पंचमांशाने, तर हातमोजे घातलेल्यांच्या बाबतीत ती निम्म्याहून अधिक कमी होती. त्याच अभ्यासात असे काही खास कपडेही अपघातात फाटल्याचे आढळले. म्हणजे येथेही प्रश्न दर्जाचाच आहे. युरोपात अशा कपड्यांसाठी ईएन १७०९२ हे मानक अस्तित्वात आहे. आपल्याकडे स्वाराच्या कपड्यांबाबत कायद्याचे बंधन नाही.

रोज कामावर जाणाऱ्या माणसाने शर्यतीतल्या स्वारासारखा चामड्याचा पेहराव करावा, अशी अपेक्षा कोणीही करणार नाही. परंतु बंद बूट, पूर्ण बाह्यांचे जाड कापड, साधे हातमोजे, रात्रीच्या वेळी परावर्तक पट्टी एवढे तरी अनेकांच्या आवाक्यातले आहे. ज्यांना दिवसाचे दहा-बारा तास दुचाकीवर काढावे लागतात, त्या घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांना कंपनीचे नाव छापलेला शर्ट मिळतो. तोच कपडा कोपर आणि खांद्यावर संरक्षक आवरण असलेला, हवा खेळती ठेवणारा असावा, अशी मागणी अवास्तव ठरू नये. मागे एका बाजूला बसणाऱ्या महिलांच्या साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघात हा आणखी वेगळा विषय आहे. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवरण आणि मागील प्रवाशासाठी धरायची मूठ असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत नमूद आहे. दुचाकी घेतल्यावर शोभेसाठी हे आवरण काढून टाकणारे मालक आणि ते काढून देणारे कारागीर या दोघांनाही त्याचा हेतू ठाऊक असायला हवा.

हेल्मेट नाकारणे हा वैयक्तिक निर्णय आहे, असे म्हणणाऱ्यांनी अपघातानंतरच्या काळाचा विचार करायला हवा. रस्ते अपघातातील जखमींसाठी मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या रोखरहित उपचार योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च आणि सात दिवसांपर्यंतचे उपचार समाविष्ट आहेत. पहिल्या काही तासांतील धावपळ वाचवणारी ही योजना निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र मेंदूला मार लागलेला माणूस सात दिवसांत बरा होत नाही. बोलणे परत येण्यास महिने लागतात. काहींचे चालणे परत येत नाही, काहींचा स्वभावच बदलून जातो. पत्नी नोकरी सोडते, मुलगी महाविद्यालय सोडते, शेताचा तुकडा विकला जातो. ज्याला आपण एकट्याचा निर्णय म्हणतो, त्याची किंमत घरातले सगळे मिळून फेडत असतात. मागे बसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर तो निर्णय बहुधा तिचा नसतोच. घरात हेल्मेट एकच असते आणि ते गाडी चालवणाऱ्याचे असते.

ही परिस्थिती बदलण्यासाठी काही सोपे उपाय आहेत. नवी दुचाकी विकताना मानकांनुसार हेल्मेट देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत पूर्वीपासून आहे. प्रत्येक नव्या दुचाकीसोबत दोन हेल्मेट देणे बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. घरात दुसरे हेल्मेट आल्याशिवाय मागच्या आसनाचा प्रश्न सुटणार नाही, हे त्यातून प्रथमच स्पष्टपणे मान्य झाले. याशिवाय कार्यालये, महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्या वाहनतळांवर हेल्मेट ठेवण्याची सोय झाली, तर "दिवसभर ते ओझे कुठे वाहायचे" ही तक्रार उरणार नाही. बातम्या देणाऱ्यांनीही अपघाताचे वृत्त देताना हेल्मेटचा उल्लेख आवर्जून करावा. त्यामुळे मृतावर दोषारोप होतो, असे मानण्याचे कारण नाही. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून काहीतरी हाती लागते.

शेवटी एका शब्दाचा विचार करणे आवश्यक वाटते. मराठीत या साऱ्या विषयाला 'हेल्मेटसक्ती' असे नाव पडले आहे. चर्चेला सुरुवात होण्याआधीच विरोधाची भूमिका त्या शब्दात येऊन बसते. सक्ती म्हटले की, ती झुगारण्यात पुरुषार्थ वाटू लागतो. परंतु हाच शब्द आपण आणखी एका ठिकाणी वापरतो. २००९ च्या कायद्याचे मराठी नाव बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम असे आहे. तेथे सक्ती आणि हक्क हे दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. बंधन यंत्रणेवर आणि पालकांवर आहे, हक्क मुलाचा आहे, हे आपण समजून घेतले आहे.

हेल्मेटच्या बाबतीतही याच दिशेने जावे लागेल. चालकावर बंधन आहे ते दुसरे हेल्मेट सोबत ठेवण्याचे. हक्क आहे मागे बसणाऱ्या पत्नीचा, आईचा, मुलाचा. किल्ली हातात घेताना "माझे हेल्मेट कुठे आहे" याच्या जोडीला "तुझे कुठे आहे" हा प्रश्न ज्या दिवशी घराघरांत विचारला जाईल, त्या दिवशी चौकातल्या हवालदाराचे काम निम्म्याने हलके होईल. आणि बातमीपत्रातले ते सरावाचे वाक्य काही वेळा तरी वेगळ्या शब्दांत सांगता येईल: अपघात झाला, दुचाकीवरील दोघेही बचावले.